पॉकेटच्या तोंडावरची पांढरी

बाबा,

काल आमच्या मराठी मंडळाच्या कॅरमच्या स्पर्धेत मी पहिली आले, आणि तेव्हापासून मला तुमचा नुसता राग येतो आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर इतकी वर्षं चिडून राहणं शोभत नाही हे कळतं मला, पण तुमच्यावर चिडायची सवय लागलेली आहे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सवयी सुटत नाहीत. नेपरव्हिलमध्ये बाहेर गुडघाभर बर्फ पडला आहे, तुमचे जावई पाठीला शेक घेत टीव्हीसमोर बसले आहेत, आणि मी दुपारचा चहा घेऊन किचनच्या टेबलाशी अशा माणसाला पत्र लिहायला बसले आहे, ज्याने माझ्या एकाही पत्राला तीन वाक्यांच्या पुढे उत्तर दिलं नाही. पत्र मिळालं, इकडे सर्व ठीक, बोर्ड झाकून ठेवत जा. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्याकडे बोर्डच नव्हता, तरी तुम्ही तेच लिहीत होतात.

बक्षीस देताना आमच्या अध्यक्षांनी भाषण ठोकलं. चाळिशीचा गृहस्थ, पुण्याचा, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. "काकूंकडे बघा," म्हणाला, "एज इज जस्ट अ नंबर, फ्रेंड्स!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या तोंडावर बोरिक पावडर उडवावीशी वाटली. लोकांना वाटतं, कॅरम म्हणजे काही कबड्डी नव्हे, बसून तर खेळायचं, त्यात म्हातारपण कुठे आड येणार? कबड्डी परवडली. तिथे दम लागला की माणूस बाहेर बसतो आणि सगळ्यांना ते दिसतं. इथे कोणाला काही दिसत नाही. चष्म्यातली वाचायची काच जिथे संपते आणि लांबचं बघायची काच अजून सुरू होत नाही, बोर्ड नेमका त्या अंतरावर असतो. हनुवटी वर केली की सोंगटी स्वच्छ दिसते आणि पॉकेट विरघळतं. खाली केली की पॉकेट दिसतं आणि सोंगटीला दोन कडा येतात. तर्जनीचा सांधा जानेवारीत सकाळी वाकत नाही. हात तसा थरथरत नाही माझा, भाजी चिरताना नाही, सही करताना नाही. स्ट्रायकर सोडायच्या आधी जो एवढासा क्षण असतो, तेवढाच थरथरतो. आणि तिसऱ्या गेमपर्यंत डोकं असं आंबतं की राणी कव्हर झाली का हे समोरच्याला विचारावं लागतं. याच्या बदल्यात काय मिळतं म्हणाल, तर कुठला शॉट आपल्याला जमणार नाही ते मारण्याआधी कळतं. त्याला हे लोक एक्स्पीरियन्स म्हणतात आणि टाळ्या वाजवतात.

तुमचा हात तर सगळ्या नागपुरात प्रसिद्ध होता. निदान तुमचं असं म्हणणं होतं. पाटबंधारे खात्यात ट्रेसर, कालव्यांचे नकाशे शाईने उतरवणारा माणूस. तीन हात लांब रेघ एका श्वासात ओढायचा आणि साहेब लोक बघायला यायचे. संध्याकाळी तोच हात घेऊन तुम्ही घरी यायचात आणि स्वयंपाकघरात बोर्ड मांडायचात, कारण क्वार्टरमधला एकुलता एक चांगला दिवा तिथे होता. आईला पोळ्या लाटायला ओट्याचा कोपरा उरायचा. तिला पाणी घ्यायचं तर आपल्या दोघांच्या गुडघ्यांवरून ओलांडून जावं लागे, आणि ती पदर सावरत जाताना तुम्ही ओरडायचात, "हवा नको करू!" तिच्या पदराने म्हणे पावडर उडायची. बाईने त्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, बाबा, आणि तुम्हाला तिच्या पदराच्या हवेचा त्रास व्हायचा.

मी अकरा वर्षांची आहे. तुमचा वाढदिवस आहे, आईने श्रीखंड केलं आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला हरवायच्या बेतात आहे. माझी एक पांढरी उरली आहे, सरळ, आंधळ्यानेही घ्यावी अशी. मी तुमच्याकडे बघते. मला वाटतं, वाढदिवसाला कशाला, आणि मी स्ट्रायकर बोटभर बाजूने मारते. तुम्ही बोर्डाकडे बघत नाही, माझ्याकडे बघता. "काय करून राहिली तू?" तुम्ही म्हणता. "मला भीक घालून राहिली का?" मग तुम्ही ती पांढरी उचलून पुन्हा होती तिथे ठेवता आणि म्हणता, मार. मी मारते, जाते. तुम्ही पुन्हा काढून ठेवता. मार. असे साठ वेळा, मोठ्याने मोजत. आई दोनदा म्हणाली, पोरीला जेवू द्या. चाळिसाव्याला माझं नख फाटलं. साठ झाल्यावर तुम्ही म्हणालात, "समोर बसला त्याला हरवायचं, नाहीतर खेळायला बसायचं नाही." मग सगळं श्रीखंड तुम्ही एकट्याने खाल्लंत, कारण मी रुसून झोपले होते. या गोष्टीवर मंडळात लोक हसतात, काय जबरदस्त बाबा होते म्हणतात. मला त्यात जबरदस्त काही दिसत नाही. वाढदिवसाच्या दिवशी अकरा वर्षांच्या मुलीचं बोट फोडणारा माणूस दिसतो.

तरी मी इकडे निघाले तेव्हा विमानतळावर तुम्ही खिशातून ट्रेसिंग पेपरची पुडी काढून दिलीत आणि आत तुमचा स्ट्रायकर होता, वीस वर्षं वापरून पिवळा पडलेला. "दुसरा घेईन मी," म्हणालात. घेतलात का, ते मला कधी कळलं नाही.

मग सोळा वर्षांपूर्वी तुम्ही आलात, सहा महिन्यांसाठी, आई गेल्यानंतर. मी बेचाळीसची, तुम्ही एकाहत्तरचे. एअरपोर्टवर कॉफीचा कप हातात दिला तर झाकणावर तुमची नखं वाजत होती. मला दया यायला हवी होती. मला खरं सांगायचं तर किळस आली. ज्या हाताच्या धाकात माझं लहानपण गेलं तो हात असा झाला आहे, आणि तुम्ही तो खिशात घालून लपवायलाही तयार नाही, याची. बेसमेंटमध्ये मी तुमच्यासाठी बोर्ड मांडून ठेवला होता. पहिल्या दिवशी खेळलात आणि कारणं सुरू झाली. दिवा पिवळा आहे. खुर्ची उंच आहे. तुमच्या फर्नेसच्या गरम हवेने प्लाय वाकला आहे. बोरिक अमेरिकेचं आहे, जाडं आहे. मी म्हटलं, "बाबा, हात हलतो तुमचा." तुम्ही म्हणालात, "हात नाही हलत, स्टूल हलते."

मी सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे आणि संध्याकाळी यायचे तेव्हा बेसमेंटच्या पायऱ्यांपासून फ्रिजपर्यंत कार्पेटवर पांढऱ्या पावलांची रांग असायची. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, हे कार्पेट आहे, इथे पाणी मारून फडकं फिरवता येत नाही. तुम्ही म्हणायचात, तुमच्या देशात पावडर टाकायलाही व्हिसा लागते का? मी व्हॅक्यूम फिरवताना मनात म्हणायचे, दिवसभर हा म्हातारा खाली करतो काय? ते मी मुद्दाम पायऱ्या उतरून कधी बघितलं नाही. एकदा सुटीच्या दिवशी मोज्यांची बादली घेऊन खाली गेले तर तुम्ही तर्जनी मिटून मधल्या बोटाने मारत होतात. एकाहत्तराव्या वर्षी बोट बदलत होतात. सही करायचा हात बदलावा तसं. प्रत्येक शॉटच्या आधी तुम्ही थांबायचात, बोट हलू द्यायचात, आणि दोन हेलकाव्यांच्या मधे सोडायचात. मी मोजे मशीनमध्ये टाकले आणि वर आले. मला ते हास्यास्पद वाटलं होतं.

फेब्रुवारीत मंडळाची स्पर्धा होती, शाळेच्या कॅफेटेरियात. तुम्ही स्वेटरवर कोट घालून आलात आणि नाव नोंदवताना वय विचारलं नसतानाही सांगितलंत. दुसऱ्या फेरीत तुमच्यासमोर एक पुण्याचा मुलगा होता, नुकताच एचवनवर आलेला, अत्यंत आज्ञाधारक. तुमचा हात बघितला आणि त्याला गहिवरून आलं. इथल्या मराठी माणसांना कोणाचेही आईवडील बघून गहिवर येतो. स्वतःचे तिकडे असतात ना. त्याने समोरची सोपी काळी बोटभर बाजूने मारली. तुम्ही हात वर केलात. "परत ठेव. परत मार."

"काका, अहो खरंच मिस झाला."

"ज्याचा मिस होते तो माणूस सोंगटी थांबेपर्यंत तिच्यावरची नजर काढत नाही. शेवटपर्यंत वाटते त्याला, जाईल म्हणून. तू मारलं आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहिलं." आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "म्हातारा झालो, मेलो नाही अजून."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. त्याने ती काळी घेतली, तो बोर्डही घेतला, आणि मग तुम्ही पुढचे दोन बोर्ड घेऊन त्याला हरवलंत. मी मागे उभी होते, हातात साबुदाणा वड्याची प्लेट. मला तुमची लाज वाटली. एका मुलाने चांगुलपणा केला आणि तुम्ही त्याला चारचौघांत सोलून काढलं.

फायनलला तुम्ही आणि मी. सगळं मंडळ बोर्डाभोवती, फोन वर केलेले, "बाप विरुद्ध बेटी!" वगैरे बाष्कळ ओरडा. तिसऱ्या गेमचा शेवटचा बोर्ड. माझी एकच पांढरी उरली होती, समोरच्या उजव्या पॉकेटच्या अगदी तोंडावर. तुमच्या दोन काळ्या. पुढे काय झालं ते मी सोळा वर्षं सगळ्यांना एकाच शब्दांत सांगत आले आहे: सरळ शॉट होता, आंधळ्यानेही घ्यावा असा, आणि मी तो बाबांना सोडला. पांढरी पॉकेटच्या कडेला आपटून मागे आली. तुम्ही मधल्या बोटाने एक काळी कट मारून घेतलीत, दुसरीसाठी इतका वेळ थांबलात की कोणीतरी खोकलं, आणि मग रिबाउंडने तीही घेतलीत. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून रुमाल काढून स्ट्रायकर पुसलात, माझाच, म्हणजे तुमचाच, आणि माझ्या हातात ठेवलात.

दुसऱ्या दिवशी रविवार. मंडळातली चारपाच माणसं जेवायला आली होती. मी पुऱ्या तळत होते, तुम्ही टेबलाशी मटार सोलत होतात, निम्मे जमिनीवर पडत होते. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, काय खेळले बाबा काल! तुझ्यासारख्या चॅम्पियनला हरवलं, आय कान्ट बिलीव्ह इट." माझ्या तोंडून निघून गेलं, "कम ऑन यार, आय लेट हिम विन. एकाहत्तर वर्षांचे आहेत. सोडला मी." तुम्हाला ऐकू येणार नाही असं मला वाटलं असेल, किंवा इंग्रजी आहे म्हणून कळणार नाही असं. पण तुम्ही चष्म्याच्या वरून बघितलंत. मटाराची शेंग हातात तशीच. मला वाटलं आता इथेच, पाहुण्यांसमोर, साठ वेळा. तुम्ही म्हणालात, "हो. सोडलाच तिने. नाहीतर माझं काय जमून राहिलं आता." आणि पुन्हा मटार सोलायला लागलात.

त्या वाक्यासाठी मी तुम्हाला मनातून जितकं खाली पाडलं तितकं कशासाठीच पाडलं नाही. बोट फुटलं ते नाही, आईच्या पदराची हवा नाही. मला वाटलं, संपला हा माणूस. भीक घालते का म्हणून गरजणारा माणूस आता वाटी पुढे करून बसला आहे, आणि लोकांसमोर मान हलवून पावतीही देतो आहे. एप्रिलमध्ये तुम्ही परत गेलात. स्पर्धेत जिंकलेला कप नेला नाहीत. "सामानात जागा नाही," म्हणालात. वास्तविक तुमची बॅग अर्धी रिकामी होती, मीच भरली होती. तिकडे जाऊन पुन्हा खेळलात की नाही मी विचारलं नाही. दोन वर्षांनी गेलात. मी तेराव्याला पोचले, तेव्हा लोकांनी तुमच्या हाताचं इतकं कौतुक केलं की मी उठून गच्चीवर गेले. यांना काय माहीत, मी म्हटलं, शेवटी शेवटी याला सोडलेला शॉट आणि चुकलेला शॉट यातला फरकही कळत नव्हता. ही गोष्ट मी इतकी वर्षं धरून बसले. नजर गेली होती तुमची. म्हातारपणी जाते. मला ते फार सोयीचं पडलं.

आता कालचं. फायनलला माझ्यासमोर एक मुलगी होती, सव्वीसची, इथेच जन्मलेली, आईने दामटून मराठी शिकवलेली, बोटं मेणासारखी. तिसरा गेम. तिची एक काळी, पॉकेटच्या तोंडाशी, माझ्या दोन पांढऱ्या. मी मनातल्या मनात खुर्ची मागे सारली होती. तिने मारली आणि काळी कडेला लागून बाहेर आली. मी माझ्या दोन घेतल्या. कशा घेतल्या ते सांगत नाही, तुम्ही नावं ठेवली असती. मग भाषण, टाळ्या, जस्ट अ नंबर. चहाच्या टेबलाकडे कप भरायला गेले तर ती माझ्याकडे पाठ करून मित्रांना सांगत होती, "गाईज, ऑब्व्हियसली आय लेट हर विन. काकू आहेत यार. इट वुड बी सो मीन."

मी मागे उभी, हातात रिकामा कप. माझ्या जिभेवर आलं होतं. खोटारडे! तू सोडला नाहीस. मी बघत होते तुला. ती काळी कडेला लागली, मागे फिरली, बोर्डाच्या मध्यावर येऊन थांबली, आणि थांबल्यावरही तू तिच्याकडेच बघत होतीस, तोंड अर्धवट उघडं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला हे दोन हातांवरून दिसलं, बाबा, या चष्म्यातून, तिसऱ्या गेमला, आंबलेल्या डोक्याने. डोळे जातात, बोट जातं. हे कळणं जात नाही. ते माझं अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलं नाही तर तुमचं एकाहत्तराव्या वर्षी गेलं होतं असं मी कोणाच्या जिवावर म्हणत होते? आदल्याच दिवशी तुम्ही त्या पोराला पकडलं होतं. मी तिथे वडे खात उभी होते.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मटार सोलताना तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि तरी तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, सोडलाच तिने. तीन महिने अंधाऱ्या बेसमेंटमध्ये बोट बदलून जो एक गेम मिळवलात, तो माझी अब्रू राहावी म्हणून मला देऊन टाकलात. कपसुद्धा ठेवून गेलात. आयुष्यात एकदाच तुम्ही मला काहीतरी सोडलंत, आणि मी त्यासाठी तुमचा तिरस्कार केला. तुम्हीही कमाल करता. साठ वेळा मारायला का नाही लावलंत तेव्हा? पाहुणे होते तर काय झालं? तुम्हाला पाहुण्यांची लाज कधीपासून वाटायला लागली? तेव्हा ओरडला असतात तर आज मला किचनमध्ये बसून हे लिहावं लागलं नसतं.

त्या मुलीला मी काही बोलले नाही. यात मोठेपणा शोधू नका, तुमच्यासारखं काही केलेलं नाही मी. तिला खोटं पाडलं असतं तर जुन्यांपैकी कोणीतरी लगेच माझीच गोष्ट काढली असती, म्हणून कप न भरताच मागे फिरले.

आज सकाळी बेसमेंटमध्ये गेले. तुमच्या स्ट्रायकरने तो शॉट लावून बघितला, पांढरी समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडावर. जातो. आताही जातो. त्या दिवशी तुमचं बोट समोर थरथरताना दिसत होतं, आणि हा माणूस मला हरवेल अशी भीती मला वाटली होती, अकराव्या वर्षी वाटायची तशीच. मी सोडला नव्हता, बाबा. मी घ्यायलाच मारला होता, आणि ती पांढरी थांबेपर्यंत तिच्याकडेच बघत होते.

पुढच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू आहे. कोणीतरी तो विषय काढेलच, आणि मी बहुधा तेच सांगेन जे सोळा वर्षं सांगत आले आहे.